दांडा एकाचा, चाक दुसऱ्याचं
वाचकांचे प्रश्न : जुन्या सायकलींची दुरुस्ती

पत्रं भरपूर येतात, पण त्यांत दोन गोष्टी नसल्या की उत्तर देणं अवघड होतं. एक, गाडी चालवायची आहे की दिवाणखान्यात टांगायची? दोन, मापं. ‘चाक मोठं आहे’ हे माप नव्हे. मी टूलरूममध्ये नोकरी केलेला माणूस, व्हर्निअर लावल्याशिवाय बोलायची मला सवय नाही. टायरच्या कडेवर काय छापलंय, तारा किती, मागच्या चिमट्यात, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांत, आतून आत किती मिलिमीटर जागा आहे, एवढं तरी लिहीत जा.

आजोबांची रॅले बरीच वर्षं माळ्यावर होती, ती खाली काढली. पेडलच्या चक्रात बगळ्यांची डोकी कोरलेली आहेत, पण हँडलवर हीरो लिहिलंय, मागची रिम कुठली ते कळत नाही आणि सीट प्लॅस्टिकची. मिस्तरी म्हणतो, सगळं उतरवून पावडर कोटिंग करू, नवी दिसेल. यात खरी रॅले किती उरली आहे?
— एक वाचक, मिरज

चक्रात बगळे आहेत म्हणजे निम्मं काम झालं. आता पुढच्या चिमट्याचे खांदे पाहा. वर दोन चकचकीत गोल टोप्या असतील तर चिमटाही रॅलेचाच. मग पुढचा बिल्ला वाचा. नॉटिंगहॅम असेल तर गाडी इंग्लंडहून बोटीने आलेली, सेन-रॅले असेल तर आसनसोलची. दोन्ही चांगल्या. आसनसोलची म्हणून नाक मुरडणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

हीरोच्या हँडलची लाज वाटायचं कारण नाही. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली, विलायती सुटे भाग दुर्मिळ झाले, आणि 1956 मध्ये लुधियानात हीरो सुरू झाली. हँडल मोडलं तेव्हा बाजारात जे होतं ते आजोबांनी बसवलं, कारण दुसऱ्या दिवशी गाडी हवी होती. शिवाय ज्यांना आपण ‘अस्सल’ म्हणतो त्या कंपन्यांनी तरी काय केलं? रॅलेने 1932 मध्ये हंबर घेतली, 1943 मध्ये रज, 1957 मध्ये बीएसएचा सायकलचा धंदा. 1960 मध्ये हर्क्युलिस आणि फिलिप्सवाला गट रॅलेत मिसळला. म्हणजे तिकडे ही सगळी एका घरात नांदायला लागली आणि इकडे हर्क्युलिस, फिलिप्स, बीएसए मद्रासजवळच्या अंबत्तूरला टीआय सायकल्सकडे, तर रॅले, हंबर, रज आसनसोलला. आपल्याकडे त्यांची भांडणं चालूच राहिली.

तेव्हा मिसळ असायला हरकत नाही. बघायचं ते इतकंच की जोडलेला भाग मुळातल्या भागाला इजा करतो का. आणि रॅलेत ही इजा एका ठरावीक जागी होते : पेडलच्या एक्सलचे कप. बाकी बहुतेक विलायती गाड्यांना तिथे इंचाला 24 आटे असतात. नॉटिंगहॅमच्या रॅलेला 26. दुकानातला नवा कप 24 आट्यांचा. तो एक-दोन फेरे आनंदाने आत जातो, मग अडतो. अडला की मिस्तरी पान्याला पाइप लावतो, आणि पुढच्या दोन फेऱ्यांत पन्नास-साठ वर्षं टिकलेले आटे संपतात. त्यानंतर लेथवर बुश करून बसवण्यापलीकडे फारसं काही राहत नाही. हँडलच्या कपांनाही हाच नियम.

म्हणून तुमच्या गाडीचे कप बदलूच नका. ते सहसा झिजतही नाहीत, झिजतात छर्रे आणि एक्सल. डावा कप काढा. उजवा आहे तिथेच ठेवून आतून रॉकेलच्या फडक्याने पुसा, ग्रीस भरा आणि प्रत्येक बाजूला पाव इंची अकरा छर्रे टाका. छर्रे सगळे नवे, एकाच डबीतले. चार जुने आणि सात नवे असं करू नका, जाडीत केसाएवढा फरक पडला तरी सगळा भार मोठ्यांवर येतो. उजवा कप काढायची वेळ आलीच तर त्याचे आटे उलटे आहेत हे लक्षात असू द्या. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटतो. हे माहीत नसलेल्या हातांनी तो आवळून आवळून किती गाड्यांचे गळे फोडलेत याची गणती नाही.

पावडर कोटिंगला माझा साफ नकार. त्याआधी वाळूचा फवारा मारून रंग काढतात, त्यात सोनेरी लायनिंग जातं, दांड्यावरची अक्षरं जातात, आणि नवा थर जाड असल्यामुळे फ्रेमचा नंबर बुजतो आणि आट्यांत रंग जाऊन बसतो. जुना काळा रंग फार चिवट असतो. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, मऊ फडकं. अक्षरांवर पेट्रोल किंवा थिनर लावू नका, वरचं व्हार्निश विरघळतं. वाळलं की मोटारीला लावतात ते मेण चोळा. क्रोमवरचा तांबडा गंज ॲल्युमिनियमची फॉइल चुरगळून, पाण्यात बुडवून घासली की निघतो, आणि क्रोमला ओरखडे पडत नाहीत. जास्त खाल्लेले सुटे भाग, म्हणजे नट, ब्रेकचे रॉड वगैरे, कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून बुडवा. ढोकळ्यात घालतात तेच, किराणा दुकानात मिळतं. अधूनमधून काढून पाहा, रात्रभर विसरून झोपू नका, पोलादही खाल्लं जातं. मग सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडं करून तेलाचा हात. सीटच्या स्प्रिंगा यात घालायच्या नाहीत, ॲसिडने स्प्रिंगचं पोलाद ठिसूळ होतं आणि ती अवचित तुटते.

प्लॅस्टिकची सीट मात्र खुशाल बदला. ती मलाही बघवत नाही.

जुन्या बीएसएचे कॉटर निघत नाहीत. दोन मिस्तरी झाले, हातोडीने एकाचा आटा चपटा झाला. आता तिसरा म्हणतोय, गॅसने कापतो. कापू देऊ का?
— एक वाचक, चिपळूण

नका! कॉटर म्हणजे क्रँक (पेडलचा दांडा) एक्सलवर पक्का करणारी पाचर. तो एक्सल जिथून जातो त्या सांध्यावर फ्रेमच्या चार नळ्या येऊन मिळतात आणि त्या पितळी झाळ देऊन जोडलेल्या आहेत. अर्ध्या वीतभर अंतरावर गॅसची ज्योत धरली तर झाळ वितळू शकते. न वितळली तरी रंग जळतो, एक्सलचं पाणी उतरतं.

कोकणात कॉटर अडकणं हा गाडीचा दोष नाही, हवेचा आहे. आणि हातोडीने तो निघत नाही याचंही साधं कारण आहे : क्रँक अधांतरी असतो. घाव घातला की सगळी गाडी खाली दबते, जोर टायर आणि छर्रे खातात. छर्‍यांचे खड्डे कपात उमटतात आणि कॉटर जागचा हलत नाही.

असं करा. तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ गंज सोडवणारं तेल दोन्ही टोकांना सोडा. एक लोखंडी नळी घ्या, कॉटरचं जाड डोकं तिच्या तोंडात सहज जाईल एवढ्या भोकाची आणि जमिनीपासून क्रँकपर्यंत बरोबर पोचेल एवढ्या उंचीची. ती फरशीवर उभी करून क्रँक तिच्यावर टेकवा. टेकला म्हणजे पुरता टेकला पाहिजे, मागचं चाक किंचित उचललं गेलं तरी चालेल. नट उलगडून कॉटरच्या टोकाशी सपाट आणा, म्हणजे आटे फाकणार नाहीत. मग वजनदार हातोडी आणि एकच खणखणीत घाव. दोन झाले तरी ठीक. दहा हलके घाव मात्र अजिबात नाहीत, त्यांनी नुसतं टोक फुलतं आणि कॉटर आणखी घट्ट होतो. तुमच्या दोन्ही मिस्तऱ्यांनी बहुधा हेच केलं.

ज्याचा आटा चपटा झालाय तो नटाच्या वर करवतीने सपाट कापा, मधोमध पंच मारा, आणि आधी 3 मिलिमीटर, मग 5, मग 6 असं ड्रिल करत जा. आतून पोकळ झाला की तो ढिला पडतो. ड्रिल सरळ धरायला दुसरा माणूस लागतो. कॉटरच्या भोकाच्या भिंतीला ड्रिल लागलं तर क्रँक गेला.

नवा कॉटर आणताना जुना खिशात घेऊन जा. 9 आणि 9.5 मिलिमीटर असे दोन्ही मिळतात, डोळ्यांना सारखे दिसतात. मऊ लोखंडाचे मिळतात ते घेऊ नका. कानशीने थोडं घासून बघा, लोण्यासारखा घासला गेला तर परत द्या. दोन्ही कॉटरचा सपाट उतार सारखाच हवा, नाहीतर क्रँक एका रेषेत येत नाहीत आणि गाडी चालवताना एक पाय लंगडल्यासारखा वाटतो. दिशा चुकू नका : उजवा क्रँक खाली असताना नट मागे येत असेल, तर डावा क्रँक खाली आणल्यावर त्याचाही नट मागेच यायला हवा. बसवताना नटाने ओढायचं नाही. हातोडीने आत बसवायचं, मग नट नुसता राखणीला. थोडं चालवून झालं की परत एकदा ठोका आणि आवळा. प्रत्येक फेऱ्याला ‘टक’ आवाज यायला लागला तर त्याच दिवशी थांबा. ढिला कॉटर भोकच लांबट करून टाकतो.

चामड्याच्या जुन्या सीटला खोबरेल तेल चालेल का?
— एक वाचक, नाशिक

नाही. चामडं मऊ पडतं आणि सीटचा झोळणा होतो. ही सीट कडक असायलाच हवी. तिच्यासाठीचं मेणयुक्त मलम वर्षातून एक-दोनदा पातळ लावा. नाकाखालचा ताण देणारा नट फार तर पाव फेरा, तोही क्वचित. पावसात भिजली तर सावलीत वाळू द्या आणि ओली असताना बसू नका.

काका, मी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. गावाकडून बाबांची हर्क्युलिस आणली आहे, रॉडचे ब्रेक, मोठी चाकं. तिला 700 सी रिम, केबलचे ब्रेक आणि सात गिअर लावायचे आहेत. युनिव्हर्सिटीचा चढ रोजचा आहे. बजेट कमी.
— एक वाचक, पुणे

शेवटची दोन वाक्यं पहिली लिहिली असतीस तर बरं झालं असतं, कारण खरा प्रश्न तोच आहे.

आधी रिम. तुझी चाकं 28 गुणिले दीडची, टायर बसतो तिथला रिमचा व्यास 635 मिलिमीटर. 700 सीचा 622. त्रिज्येत साडेसहा मिलिमीटरचा फरक. तेवढ्याने वाटतं, ब्रेक जरा खाली सरकवला की झालं. पण तुझे ब्रेक रिमच्या कडेला धरतच नाहीत, ते खालून वर ओढले जातात आणि रिमच्या आतल्या अंगाला, तारांच्या बाजूला, टेकतात. 700 सीच्या रिमला तिथे टेकायला जागाच नसते. उलट तुझ्या जुन्या रिमच्या कडा गोल आहेत, त्यामुळे केबलचे चिमटे-ब्रेक तिच्यावर धरत नाहीत. म्हणजे रिम बदलली की ब्रेक बदलला, ब्रेक बदलला की हँडल बदललं, कारण ब्रेकचे दांडे हँडलमध्येच आहेत. वर तुझ्या हबला पुढे 32 आणि मागे 40 भोकं असणार. आजच्या रिमा बहुतेक 32 नाहीतर 36 भोकांच्या. म्हणजे मागचा हबही नवा. तो आजचा सात गिअरचा घेतलास तर त्याला 126 ते 135 मिलिमीटर जागा लागते आणि तुझ्या मागच्या चिमट्यात 110 ते 115 असेल. पोलादी फ्रेम फाकवता येते, हे खरं आहे. पण एवढी फाकवली की एक्सल बसतो ते दोन कान समांतर राहत नाहीत, आणि एक्सल वाकतात, मोडतात. एवढ्या पैशात तुला दुसरी गिअरची सायकल मिळेल आणि बाबांची हर्क्युलिस शाबूत राहील.

आता चढ. तुझ्या गाडीला पुढे 44 आणि मागे 18 दात असतील, मोजून बघ. 28 इंची चाकावर हे गुणोत्तर युनिव्हर्सिटीच्या चढाला जड आहेच. 22 दातांचं फ्रीव्हील टाक. चढावर जवळजवळ एक-पंचमांश जोर कमी लागेल, सपाटीवर पाय तेवढे जास्त फिरतील. चेनला दोन-तीन कड्या जोडाव्या लागतील आणि चाक मागे-पुढे करून ताण जुळवावा लागेल. चेनकव्हर पूर्ण बंद असेल तर आधी जागा बघ, मोठं फ्रीव्हील आतून घासतं. जुनं 18 चं फ्रीव्हील जपून ठेव.

आणि ब्रेक. गिअरपेक्षा मला याची काळजी आहे. क्रोमची रिम ओली झाली की रबर तिच्यावरून घसरतं. पावसाळ्यात विद्यापीठाच्या उतारावरून रॉडच्या ब्रेकवर भरधाव यायचं असेल तर मला पत्र लिहायची गरज नाही. चारही रबरं नवी टाक, रिमचा आउट काढून घे, रॉडच्या प्रत्येक सांध्यातला खुळखुळा वॉशर घालून कमी कर. रबर रिमपासून दोन-तीन मिलिमीटरवर हवं, आणि दोन्ही बाजूंचं एकाच वेळी टेकलं पाहिजे. पावसात थांबायच्या बरंच आधी ब्रेक हलका धरून रिम पुसून घ्यायची सवय लाव.

पुढे कधी पैसे साठले तर पुढच्या चाकाला ड्रमब्रेकचा हब लाव. हा खरा सुधार. पाण्याचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. फक्त तो साधारण 100 मिलिमीटरचा येतो आणि जुन्या चिमट्यात 90 ते 95 जागा असते, तेवढं हलकं फाकवणं चालतं. ड्रमचा दांडा चिमट्याच्या पायाला पट्टीने बांधायचा असतो. ही पट्टी मजबूत हवी, ब्रेकचा सगळा झटका तिच्यावर येतो. मागचा रॉडचा ब्रेक राहू दे. दोन पिढ्यांचे ब्रेक एका गाडीवर विचित्र दिसतील, दिसू देत.

सायकलला जुना नगरपालिकेचा पितळी बिल्ला आहे. चिंचेने घासू का?
— एक वाचक, सोलापूर

सायकलवर पालिकेचा कर होता तेव्हाची ही पावती आहे. साबणाच्या पाण्याने धुवा, नंबर आणि साल वाचता आलं की थांबा. चिंच लावून देवघरातल्या समईसारखा चमकवलात तर उरलेल्या गाडीशी तो विसंगत दिसेल. ज्या स्क्रूने तो बसवलाय तोही जपा.

मी न्यू जर्सीत राहतो. शेजाऱ्यांच्या गॅरेज सेलमध्ये रॅले स्पोर्ट्स मिळाली, तीन गिअरची, हबवर स्टर्मी-आर्चर एडब्ल्यू आणि 64 असे आकडे आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या मध्ये पेडल एकदम रिकामं फिरतं. हब खराब झालाय का? टायरही फाटलेत, 26 गुणिले 1 3/8 लिहिलंय.
— एक वाचक, न्यू जर्सी

अभिनंदन. 64 म्हणजे हब 1964 चा, शेजारी दुसरा आकडा असेल तर तो महिना. हब बहुधा धडधाकट आहे. एडब्ल्यूच्या रचनेतच दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये एक मोकळी जागा आहे, तिथे दात कशालाच धरत नाहीत. केबल नीट जुळलेली असली की ती जागा जाणवत नाही. बिघडलेली असली की हब नेमका तिथे जाऊन बसतो. तोवर पेडलवर उभं राहून जोर लावू नका. पाय रिकामा गेला की माणूस थेट दांड्यावर येतो.

जुळवणी सोपी. गिअर दुसऱ्यावर ठेवा. उजव्या बाजूच्या लांबट नटाला एक खिडकी आहे, तीतून आत पाहा. साखळीला जोडलेल्या काडीचा जाड भाग जिथे संपतो ते टोक, एक्सलच्या टोकाशी बरोबर सपाट दिसलं पाहिजे. नसेल तर केबलचा जुळवणीचा नट फिरवा. त्याआधी हबच्या अंगावरचं झाकण उघडून चमचाभर पातळ मोटरऑइल घाला, 20 नंबरचं उत्तम. किराणा दुकानात छोट्या डब्यांत मिळणारं घरगुती तेल नको, ते सुकून आत डिंक होतो. तेल घातल्यावर दोन दिवस जमिनीवर थेंब पडतील. पडू देत, हे हब थोडे गळतातच.

या हबचं गुणोत्तर लक्षात ठेवा : मधला गिअर सरळ, खालचा पाऊणपट, वरचा एक आणि एक-तृतीयांश पट. कंपनीने मागे लहान चक्र दिल्यामुळे वरचा गिअर बहुतेकांच्या कधीच उपयोगी पडत नाही. 18 च्या जागी 20 किंवा 22 दातांचं टाका. ते तीन खाचांवर बसतं, वर एक तारेची रिंग असते. स्क्रू-ड्रायव्हरने रिंग काढताना डोळ्यांना चष्मा लावा, ती उडते.

टायरच्या बाबतीत तिकडे एक सापळा आहे. तुमच्या रॅलेच्या रिमचा व्यास 590 मिलिमीटर. पण अमेरिकेत श्विन कंपनीनेही 26 गुणिले 1 3/8 लिहिलेले टायर वापरले, त्यांचा व्यास 597. छापील माप तेच, बसत मात्र नाही. दुकानात इंच सांगू नका, 590 सांगा.

1950 च्या सुमाराची फिलिप्स आहे, चालू स्थितीत. किती किंमत येईल?
— एक वाचक, सातारा

या सदरात किंमत सांगत नाही. विकायची असेल तर धुवू नका, आहे तशी दाखवा. घेणारा जाणकार असेल तर धूळ बघून खूश होतो.

चेन नवी टाकली तर गाडी बिघडली. जोर लावला की पाय सटकतो. जुन्या चेनवर असं होत नव्हतं.
— एक वाचक, अकोला

जुनी चेन काढून सरळ ताणा आणि फूटपट्टी लावा. पूर्ण बारा कड्या बरोबर 12 इंच भरल्या पाहिजेत. अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वाढल्या असतील तर चेन बदलायची वेळ झाली होती. एक सूत वाढल्या असतील तर त्या चेनने फ्रीव्हीलचे दातही आपल्या मापाने घासून टाकलेत, आणि नवी चेन त्यांत बसत नाही. तुमच्याकडे दुसरं झालंय. पुढच्या चक्राचे दात नीट पाहा. आकड्यासारखे वळले नसतील तर ते राहू द्या, फक्त फ्रीव्हील नवं घ्या. ते मिळेपर्यंत जुनी चेनच चढवून चालवा.

फ्रीव्हील काढायची चावी खाचांत पुरती बसलीय ना पाहा, आणि ती एक्सलच्या नटाने हलकी आवळून धरा, नाहीतर खाचा उडतील. चावीला पाना लावून झटापट करायची नाही. चावी व्हाइसमध्ये पकडा, चाक तिच्यावर आडवं ठेवा आणि रिमला दोन्ही हातांनी धरून मोटारीच्या स्टिअरिंगसारखं डावीकडे फिरवा. पहिला झटका सुटला की नट ढिला करून मग बाकीचं काढा.